पाण्यात पाहण्याची कला

मराठीत एखाद्याला ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे त्याचा मनापासून द्वेष करणे. ज्यांनी हा वाक्प्रचार घडविला, त्यांच्यासमोर कॅमेरा घेऊन सागरतळाशी उतरणारा छायाचित्रकार असण्याचे कारण नव्हते. तो असता, तर कदाचित या शब्दांना अगदी उलट अर्थ प्राप्त झाला असता. पाण्यातील जीव ज्याला खरोखर पाहायचा आहे, त्याला द्वेष तर सोडाच, साधी घाईसुद्धा परवडत नाही.

हा विषय अहिवाऱ्यासारख्या गावात निघावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. दुर्ग जिल्ह्यातील, भिलाईजवळचे हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे. परंतु नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे त्यांत आणखी भर पडली आणि सुटी लागली की यांपैकी अनेकांची पावले कोकणाकडे वळतात. मालवण-तारकर्लीहून परतलेल्या घरी गेले की चहाबरोबर हमखास पुढे येतात ती पाण्याखालची छायाचित्रे : डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासनळी, हाताची विजयी खूण आणि भोवती पट्टेरी माशांचा घोळका. पाहणारा कौतुक करतो, पुढचे छायाचित्र पाहतो, त्यापुढचे पाहतो आणि घरी परतेपर्यंत सारी विसरून जातो. मात्र कधीतरी एखाद्या मासिकात किंवा प्रदर्शनात पाण्याखालचे एखादेच चित्र असे भेटते, की त्यावरून नजर हलत नाही. या दोहोंत फरक कशाचा?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : महागड्या कॅमेऱ्याचा. हे उत्तर सोपे आहे, पण बरोबर नाही. पाण्याखालचे छायाचित्र मनावर ठसते ते छायाचित्रकार आपल्या विषयाच्या किती जवळ गेला आणि तिथवर जाण्याचा अधिकार त्याने कसा मिळविला, यावर. हे विधान धाडसी वाटू नये, म्हणून पाणी प्रकाशाशी कसे वागते ते आधी पाहिले पाहिजे.

पाणी काय काय हिरावून घेते?

पाणी पारदर्शक आहे, हा जमिनीवर राहणाऱ्यांचा गोड गैरसमज होय. पाणी प्रकाश शोषून घेते, आणि सर्व रंग सारख्या प्रमाणात शोषत नाही. लाल रंग सर्वांत आधी जातो. साधारण पाच मीटर खोलीपर्यंत तो बराचसा नाहीसा झालेला असतो. त्यानंतर नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी उरतात ती निळ्या-हिरव्या रंगांची राज्ये. खोल पाण्यात बोट कापले तर रक्त हिरवट दिसते, हे पाणबुड्यांना चांगले ठाऊक असते.

एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. हा हिशेब केवळ खोलीचा नसतो, प्रकाशाने पाण्यातून केलेल्या एकूण प्रवासाचा असतो. मासा तीन मीटर खोलीवर आहे आणि कॅमेरा त्याच्यापासून दोन मीटर दूर आहे, तर सूर्यप्रकाशाला पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि तेथून भिंगापर्यंत मिळून पाच मीटर पाणी ओलांडावे लागते. तांबडा मासा राखाडी दिसतो तो यामुळे.

दुसरी अडचण तरंगणाऱ्या कणांची. समुद्राच्या पाण्यात वाळू, गाळ, सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म प्राणी यांची अखंड गर्दी असते. कॅमेऱ्यावरच बसविलेला फ्लॅश उडवला, की विषयाआधी हे कण उजळतात आणि चित्रभर हिमवर्षाव झाल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. रात्री धुक्यात मोटारीचे दिवे प्रखर केले असता समोर पांढरी भिंत उभी राहते, तसाच हा प्रकार. अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच आपले दिवे लांब दांड्यांवर, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दूर ठेवतात आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवितात. मग प्रकाशाची कड विषयाला स्पर्श करते, मधल्या पाण्याला मात्र फारशी उजळत नाही.

तिसरी गोष्ट दृष्टिभ्रमाची. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात. त्यामुळे चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर असल्यासारखी दिसते. छायाचित्रकाराला वाटते, आपण पुरेसे जवळ आलो. प्रत्यक्षात तो दूर असतो. सपाट काचेमागे ठेवलेल्या भिंगाचा दृष्टिकोनही पाण्यात आक्रसतो. त्यावर उपाय म्हणून रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगापुढे घुमटाच्या आकाराची काच बसवितात.

या तिन्ही अडचणींवर उपाय एकच : मधले पाणी कमी करणे. म्हणून जगभरच्या पाणबुड्या छायाचित्रकारांचा पहिला धडा असा की, जवळ जा. आणि पुरेसे जवळ आलो असे वाटले, की आणखी थोडे जवळ जा. व्यवहारातला ठोकताळा असा सांगतात की, पाण्यात जेवढ्या अंतरावरचे दिसते, त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच विषय असावा. मालवणच्या पाण्यात पाच मीटर दिसत असेल, तर विषय एका मीटरच्या आत हवा. दूरवरचा मासा भिंगाने ओढून जवळ आणण्याची जमिनीवरची युक्ती येथे कामाची नाही. कारण मासा मोठा होतो, तसे मधले गढूळ पाणीही मोठे होते.

जवळ गेल्यावर काय पाहावे?

केवळ जवळ गेल्याने चित्र होत नाही. नवशिक्या पाणबुड्या वर तरंगत राहतो आणि खाली कॅमेरा रोखतो. परिणामी प्रत्येक माशाची पाठ दिसते, आणि त्यामागे त्याच्याच रंगाचा खडक. मासा खडकात विरून जातो, कारण वरून पाहणाऱ्या शिकाऱ्याला आपण दिसू नये यासाठीच निसर्गाने त्याची पाठ तशी रंगविलेली असते. जाणकार त्याउलट खाली उतरतो, माशाच्या पातळीवर येतो आणि किंचित वर पाहत चित्र घेतो. मागे निळे पाणी येते, आकृती स्पष्ट होते, आणि मुख्य म्हणजे माशाचा डोळा समोर येतो. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सारे स्पष्ट असूनही चित्र निर्जीव वाटते; माणसाच्या छायाचित्राला लागू असलेला हा नियम माशालाही तितकाच लागू आहे.

वर पाहण्याचे आणखी एक बक्षीस आहे. शांत पाण्याखालून वर पाहिले असता सारे आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, एका तेजस्वी वर्तुळात सामावलेले दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे सुमारे ९७ अंशांच्या कोनात ही ‘खिडकी’ तयार होते. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. या खिडकीत एखादे कासव किंवा होडीचा तळ आला, की पाहणाऱ्याला क्षणभर माशाची दृष्टी लाभते. पाण्याखालच्या उत्तम चित्राचे हे एक लक्षण मानावे लागेल : ते पाण्याबाहेरच्या माणसाला पाण्याच्या आतून बाहेर पाहायला लावते.

या कौशल्याचा इतिहासही साधनांपेक्षा माणसांच्या चिकाटीचा आहे. फ्रान्सचे जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये बान्युल्स-सुर-मेर येथे भूमध्य समुद्रात कॅमेरा उतरविला. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांवर चित्र उमटायला कधीकधी अर्धा तास लागत असे, आणि तेवढा वेळ पाणबुड्याने जड पोशाखात तळाशी थांबायचे! १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली; त्यासाठी लागणारा प्रकाश त्यांनी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमच्या चूर्णाचा भडका उडवून मिळविला. १९६३ मध्ये ‘निकॉनॉस’ हा थेट पाण्यात नेता येणारा कॅमेरा बाजारात आला आणि ही कला प्रयोगशाळेतून सामान्य पाणबुड्यापर्यंत पोहोचली. तरीही रोलवर चित्रे ३६ च! पाण्याखाली रोल बदलता येत नसे. म्हणजे एका बुडीत ३६ संधी. त्या जपून खर्च कराव्या लागत, आणि या काटकसरीने त्या पिढीला कॅमेऱ्याची कळ दाबण्याआधी पाहायला शिकविले. आज मोबाईलमध्ये हजारो चित्रे मावतात. साधन स्वस्त झाले हे चांगलेच झाले. पण पाहणेही स्वस्त झाले की काय, अशी शंका येते.

मालवणची गोष्ट

या शंकेचे उत्तर शोधायला मराठी माणसाने फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामास आरंभ केला, त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आढळणाऱ्या थोड्या जागांपैकी ही एक. अंदमान किंवा लक्षद्वीप यांच्याइतके नितळ पाणी येथे नसते. नद्यांचा गाळ येतो, पावसाळ्यात समुद्र खवळतो, त्यानंतर पाणी निवळायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा.

गेल्या काही वर्षांत येथे समुद्रतळ दाखविण्याचा व्यवसाय चांगलाच वाढला. त्यातून स्थानिक तरुणांना आणि मच्छीमार कुटुंबांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले, ही समाधानाची बाब आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारी संस्थाही उभी केली. परंतु अर्ध्या तासाच्या बुडीत पर्यटकाला एक ‘जोरदार’ छायाचित्र मिळालेच पाहिजे, या आग्रहाने काही ठिकाणी भलतीच रीत रूढ केली. मासे जमावेत म्हणून त्यांना पाव किंवा बिस्किटे टाकली जातात. चित्र स्थिर यावे म्हणून पर्यटक प्रवाळावर पाय रोवून उभा राहतो किंवा त्याला हाताने धरतो. केंड मासा दिसला तर तो फुगावा म्हणून त्याला डिवचले जाते. केंड फुगतो तो भीतीने. चित्रात तो गमतीदार दिसतो, पण त्याच्या दृष्टीने तो जिवावरचा प्रसंग असतो.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात, मालवणच्या अभयारण्यात अनिर्बंध स्कूबा पर्यटनामुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे दाखवून दिले. याचे गांभीर्य लक्षात येण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रवाळ म्हणजे खडक नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी पिढ्यानपिढ्या बांधलेला वाडा आहे. गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. फुटबॉलएवढा प्रवाळ पाहिला, तर त्यामागे कित्येक वर्षांची बचत आहे असे समजावे. बँकेतील ठेव मुदतीआधी मोडली तर थोडे व्याज बुडते, आणि ठेव पुन्हा सुरू करता येते. प्रवाळाची ठेव मोडली, तर मोडणाऱ्याच्या हयातीत ती पूर्ववत होईल याची शाश्वती नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार दगडी प्रवाळांना पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. वाघाच्या पाठीवर उभे राहून छायाचित्र काढण्याची कल्पना कोणी करणार नाही. प्रवाळावर मात्र सहज पाय ठेवला जातो, कारण तो ओरडत नाही.

गंमत अशी की, इतके करूनही चित्र चांगले येत नाही. चारा टाकून जमविलेल्या माशांच्या झुंबडीत एकही मासा नीट दिसत नाही. तळावर पाय आपटल्याने गाळ उडतो आणि सगळे चित्र धूसर होते. म्हणजे जी गोष्ट समुद्राला अपायकारक, तीच चित्रालाही अपायकारक. चांगले चित्र आणि चांगले वागणे यांची येथे गाठ पडते, ती अशी. ‘पाण्यात राहून माशाशी वैर करू नये’ ही म्हण छायाचित्रकाराने शब्दशः घ्यावी.

यावर आक्षेप असा येईल की, सुटीत आलेल्या पर्यटकाकडे वेळच अर्धा तास. त्याने संयम कुठून आणावा? आक्षेप रास्त आहे. पण अर्ध्या तासातही पुष्कळ काही करता येते. मोठ्या दृश्याचा हट्ट सोडून एकच लहान जीव निवडावा : खडकाच्या फटीतून डोकावणारा खेकडा, पंखा मिटणारा-उघडणारा नळीतला कृमी, कवच नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय. गढूळ पाण्यात लहान विषय हाच शहाणपणाचा पर्याय. कारण मधले पाणी वीतभरच उरते. हात जवळ घ्यावेत, पाय तळापासून वर ठेवावेत, आणि निदान काही मिनिटे चित्र न काढता नुसते पाहावे. सोबतच्या वाटाड्यालाही सांगून ठेवावे की, मासे बोलावू नका. जे आहे तेच दाखवा. गिऱ्हाइकानेच अशी मागणी केली, तर व्यवसायाची रीत बदलायला वेळ लागत नाही.

संयमाचे मोल

संयम कोणत्या थराला जाऊ शकतो, याचे उदाहरण फ्रेंच छायाचित्रकार लोराँ बालेस्ता यांनी घालून दिले. दक्षिण प्रशांत महासागरातील फाकारावा या प्रवाळद्वीपाजवळ एका जातीचे मासे वर्षातून एकदा, जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास, अंडी सोडतात. बालेस्ता आणि त्यांचे सहकारी पाच वर्षे त्या क्षणासाठी तेथे जात राहिले. अंड्यांच्या दुधाळ ढगातून बाहेर पडणाऱ्या माशांच्या त्या चित्राला २०२१ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचा सर्वोच्च सन्मान लाभला. चित्र टिपायला क्षणाचा सूक्ष्म अंश पुरला असेल. त्या चित्राची किंमत मात्र पाच वर्षांची आहे.

दुसरे उदाहरण २०१७ च्या त्याच स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या, अमेरिकेच्या जस्टिन हॉफमन यांच्या चित्राचे. इंडोनेशियातील सुम्बावा बेटाजवळ एका चिमुकल्या समुद्रघोड्याने आपली शेपटी गुंडाळली आहे ती गवताच्या काडीला नव्हे, तर कान साफ करण्याच्या गुलाबी प्लास्टिकच्या काडीला. मागे केवळ हिरवट पाणी, दुसरे काही नाही. रचना इतकी साधी की शाळकरी मुलालाही कळावी. तरीही हे चित्र जगभर पसरले, कारण पाहणाऱ्याला त्यात स्वतःच्या स्नानगृहातली काडी दिसली. भारतात प्लास्टिकच्या काड्या असलेल्या अशा वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. ती का असावी, हे पानभर मजकुरापेक्षा त्या एका चित्राने अधिक लवकर समजते.

पहिले चित्र सौंदर्याने थक्क करते, दुसरे अस्वस्थ करते. दोन्ही मनात घर करतात, आणि दोन्हींमध्ये छायाचित्रकाराने समोरच्या जिवाकडून काहीही ‘करवून’ घेतलेले नाही.

चित्र हे नोंदपत्रही असते

पाण्याखालचे छायाचित्र दिवाणखान्याची शोभा वाढविण्यापुरते नसते. समुद्रात काय आहे हे बहुसंख्य नागरिक कधीही प्रत्यक्ष पाहणार नाहीत. आणि जे दिसत नाही, त्याची काळजी कोणी करीत नाही. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या २००० सालच्या माहितीपटाने गुजरातच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कची कत्तल देशापुढे आणली, आणि २००१ मध्ये या महाकाय माशाला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांचे नकाशे जुळविण्यासाठी जी गणिती पद्धत वापरतात, तिचाच आधार घेऊन संशोधक २००५ पासून छायाचित्रांवरून एकेक मासा ओळखू लागले. हौशी पाणबुड्याने सुटीत काढलेले चित्रही मग एखाद्या माशाच्या प्रवासाची नोंद ठरू शकते.

महाराष्ट्राच्या पदरातही असे एक न पाहिलेले वैभव आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे. नावात ‘बँक’ असली तरी तिचे भांडवल प्रवाळांचे. तिचा सर्वांत उथळ भागही पाण्याखाली सुमारे वीस मीटर. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तेथील पाणी नितळ आहे. डिसेंबर २०१९ मध्ये वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतीय शाखेच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांची एक मोहीम तेथे गेली आणि तिने तेथील जीवसृष्टीची पाहणी केली. आंग्रिया बँकेवर पर्यटक पोहोचण्याआधी छायाचित्रकार आणि शास्त्रज्ञ पोहोचले, ही सुदैवाची गोष्ट. आधी नोंद, मग व्यवहार, हा क्रम मालवणला उलटा झाला होता.

नोंद म्हटली की खरेपणा आलाच. आज संगणकावर पाण्याखालच्या चित्राचा हरवलेला लाल रंग परत आणता येतो. इतकेच काय, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कधीही अस्तित्वात नसलेला मासाही निर्माण करता येतो. या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. पाण्याने शोषलेला रंग परत देणे ही दुरुस्ती आहे. नसलेला मासा दाखविणे ही खोटी नोंद. हिशेबाच्या वहीत चूक दुरुस्त करणे आणि बनावट रक्कम लिहिणे यांतला फरक व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. चारा टाकून जमविलेला घोळका ‘नैसर्गिक’ म्हणून दाखविणे हेही याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

अहिवाऱ्याला समुद्र आहे?

राहता राहिला प्रश्न, समुद्रापासून दूर असलेल्या वाचकाने या साऱ्याचे काय करायचे?

पहिली गोष्ट म्हणजे, घरातल्या मत्स्यपेटीपासून आरंभ करावा. खोलीतले दिवे मालवून पेटीवरचा दिवा तेवढा ठेवावा, भिंग काचेला टेकवून तिरपी प्रतिबिंबे टाळावीत, काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसावी, पेटीमागे काळे कापड लावावे, आणि माशाचा डोळा स्पष्ट येईपर्यंत थांबावे. पाण्याखालच्या छायाचित्रणाचे निम्मे धडे येथेच गिरविता येतात. छत्तीसगड तर तळ्यांचा प्रदेश. काचेचे लहान रिकामे टाके तळ्याच्या काठाशी अर्धे बुडवून आत मोबाईल धरला, तर वर कमळ आणि खाली त्याचे देठ असे अर्धे-अर्धे चित्र घेता येते. मात्र एक इशारा द्यायलाच हवा. खाणींच्या जुन्या खड्ड्यांत साचलेले पाणी कितीही निळेशार दिसले, तरी त्यात उतरण्याचा मोह कोणीही करू नये. त्यांचे काठ उभे असतात आणि खोली एकदम वाढते. कोणतेही चित्र जिवापेक्षा मोलाचे नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. भिलाईच्या भट्ट्यांत जाणारा नंदिनी परिसरातला चुनखडक मुळात उथळ समुद्राच्या तळाशी साचला, आणि तोही सुमारे शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी. तेव्हा मासे नव्हते, प्रवाळ नव्हते. होते ते सूक्ष्म जिवाणूंचे थर. हे थर एकावर एक साचत जाऊन त्यांचे दगडी घुमट झाले. छत्तीसगडच्या या चुनखडकात अशा घुमटांच्या वळ्या-वळ्यांच्या रेषा आजही आढळतात. म्हणजे सागरतळाचे चित्र पाहायला अहिवाऱ्याच्या माणसाला तिकीट काढावे लागत नाही. ते त्याच्या पायाखाली आहे. निसर्गाने घेतलेले, घाई न करता, थरावर थर चढवून.

तेव्हा येत्या सुटीत मालवणला जाणाऱ्याने चित्रे अवश्य काढावीत. शेकड्याने काढण्यापेक्षा एकच काढावे, पण ते पाहणाऱ्याने विचारावे असे : “हा जीव इतका निर्धास्त कसा राहिला?” ज्या चित्रातला मासा कॅमेऱ्याला भ्यालेला नाही, ते चित्र कधी साधे असेल, कधी किंचित धूसरही असेल, पण त्याच्या खरेपणाविषयी शंका उरणार नाही. पाण्यात पाहणे याला मराठीत आता एक दुसरा, चांगला अर्थ मिळायला हरकत नाही.